लिनक्स पॅकेजमधील दस्तऐवज-फाईल्स आणि विस्थापन : 'लोहित' फॉन्टच्या अनुषंगाने एक विवेचन

प्रस्तावना :

महाविद्यालयात एखादी वस्तू खरेदी केली की तिची नोंद 'डेड स्टॉक रजिस्टर'मध्ये होते. पुढे ती वस्तू निकामी झाल्यावर तिचे निर्लेखन याच नोंदीच्या आधारे केले जाते. ज्या वस्तूची नोंदच नाही, तिचे निर्लेखनही करता येत नाही. ती कपाटावर धूळ खात पडून राहते. लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीतील सॉफ्टवेअर काढून टाकण्याची, म्हणजेच विस्थापनाची, क्रिया बरीचशी याच तत्त्वावर चालते. विस्थापन नीट होईल की नाही हे काढण्याच्या दिवशी ठरत नाही. ते पॅकेज बांधले जाते त्या दिवशीच ठरलेले असते. या नोंदीत सर्वाधिक हेळसांड होते ती दस्तऐवज-फाईल्सची. एखादी आज्ञावली चुकली तर लगेच कळते, माहितीपत्र गहाळ झाले तर वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षातही येत नाही.

नोंदवहीचे स्वरूप :

मूळ संहितेवरून सॉफ्टवेअर थेट उभारताना 'मेक इन्स्टॉल' ही आज्ञा वापरली जाते. या आज्ञेने फाईल्स निरनिराळ्या डिरेक्टरींत विखुरतात. आज्ञावली एकीकडे, मार्गदर्शक-पाने दुसरीकडे, माहितीपत्रे तिसरीकडे. त्या परत गोळा करण्यासाठी 'मेक अनइन्स्टॉल' उपयोगी पडते खरी, पण मूळ लेखकाने तसा नियम लिहिला असेल आणि संहितेची डिरेक्टरी जपून ठेवली असेल तरच. ही अडचण पॅकेज-पद्धतींनी दूर केली. डेबियन प्रकल्प १९९३ साली सुरू झाला व त्याने 'डीपीकेजी' ही पद्धती विकसित केली. रेड हॅटने १९९५ साली 'आरपीएम' आणली. दोहोंत प्रत्येक पॅकेजबरोबर त्यातील फाईल्सची सूची येते आणि ती संगणकावर जतन होते. विस्थापन म्हणजे ही सूची उलट वाचणे.

आरपीएमच्या 'स्पेक' फाईलमध्ये दस्तऐवजांना '%डॉक' अशी खूण करतात. ही खूण करून फाईलचे नुसते नाव दिले, की आरपीएम त्या पॅकेजसाठी 'यूएसआर-शेअर-डॉक'मध्ये स्वतंत्र डिरेक्टरी तयार करते आणि तिची मालकीही पॅकेजच्या नावे लावते. याउलट माहितीपत्रे 'मेक इन्स्टॉल'च्या ओघात तेथे जाऊन पडली आणि सूचीत फक्त फाईल्स लिहिल्या, तर विस्थापनानंतर फाईल्स जातात पण रिकामी डिरेक्टरी उरते. फेडोरात २०१३ पर्यंत या डिरेक्टरीच्या नावात आवृत्ती-क्रमांक असे. त्यामुळे ही चूक असलेल्या पॅकेजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीगणिक एकेक रिकामे घर मागे राही. फेडोरा २० पासून नावातील क्रमांक वगळण्यात आला. डीपीकेजी रिकाम्या झालेल्या डिरेक्टरी स्वतःच काढते, म्हणून डेबियनमध्ये हा दोष सहसा दिसत नाही.

'लोहित'चे उदाहरण :

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण 'लोहित' या फॉन्टमालिकेचे आहे. तिचे मूळ आरेखन मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्या कंपनीचे. रेड हॅटने २००४ साली ती मुक्त परवान्याखाली खुली केली. लोहित म्हणजे तांबडा, हे नाव कंपनीच्या टोपीला शोभणारेच! पुढे मालिकेत मराठीची भर पडली आणि २०११ साली तिचा परवाना जीपीएलऐवजी 'ओपन फॉन्ट लायसन्स' असा करण्यात आला. या परवान्याची अट अशी, की फॉन्टच्या प्रत्येक प्रतीसोबत स्वामित्व-सूचना व परवान्याचा मजकूर गेला पाहिजे. तो वेगळ्या फाईलमध्ये असो वा फॉन्टच्या अंतर्गत माहितीत. म्हणजे ही फाईल हौसेची नव्हे, वितरणाच्या हक्काचा ती आधार आहे. आरपीएममध्ये पुढे '%लायसन्स' ही निराळी खूण आली ती याच कारणाने. 'दस्तऐवज नकोत' असे सांगितले तरी या खुणेच्या फाईल्स वगळल्या जात नाहीत.

फॉन्टच्या विस्थापनात आणखी एक बारकावा आहे. फॉन्ट काढल्यावर प्रणालीतील फॉन्टची साठवण-सूची ताजी करावी लागते. हे काम पूर्वी पॅकेजमधील 'पोस्टअन' ही छोटी संहिता करीत असे. मात्र आरपीएममध्ये आवृत्ती बदलतानाही जुन्या पॅकेजची ही संहिता चालते, आणि तीही नव्या पॅकेजच्या फाईल्स बसून झाल्यावर! म्हणून संहितेला एक अंक दिला जातो : शून्य असेल तर पॅकेज खरोखर निघाले, एक असेल तर केवळ आवृत्ती बदलली. हा अंक न तपासता 'पोस्टअन'मध्ये एखादी डिरेक्टरी पुसण्याची आज्ञा लिहिली, तर नव्या आवृत्तीची ताजी सामग्री जुनी आवृत्ती जाता जाता घेऊन जाते. पॅकेज बांधणाऱ्यांच्या चुकांत ही चूक सर्वांत महागडी म्हणावी लागेल. फेडोरात आता साठवण-सूचीचे काम फॉन्टकॉन्फिग या पॅकेजमधील सामायिक 'ट्रिगर' करतो व फॉन्टच्या पॅकेजला स्वतःची संहिता लागत नाही, हे उत्तमच झाले.

काढणे आणि समूळ काढणे :

वापरकर्त्याने बदललेल्या मांडणी-फाईल्सचे काय करावे, याविषयी दोन्ही पद्धतींचा स्वभाव वेगळा आहे. डेबियन 'रिमूव्ह' व 'पर्ज' असा भेद करते. पहिल्यात मांडणी-फाईल्स राहतात, दुसऱ्यात त्याही जातात. आरपीएम न बदललेली मांडणी पुसते आणि बदललेली 'आरपीएमसेव्ह' असे शेपूट जोडून बाजूला ठेवते. दस्तऐवजांना असे कोणतेही संरक्षण नाही. प्रयोगशाळेतील एखाद्या शिक्षकाने माहितीपत्रातच मराठी टिपणे लिहून ठेवली, तर पुढच्या आवृत्तीबरोबर ती निमूटपणे पुसली जातील. अशी टिपणे 'यूएसआर-लोकल'मध्ये ठेवावीत. तेथे पॅकेज-पद्धती हात लावत नाही.

वगळलेले दस्तऐवज व वगळलेली मराठी :

डेबियनच्या धोरणानुसार 'यूएसआर-शेअर-डॉक'मधील फाईल्स नसल्या तरी सॉफ्टवेअर चालले पाहिजे. फेडोराचे नियमही '%डॉक'बाबत हेच सांगतात. या नियमामुळे प्रशासकाला जागा वाचविण्यासाठी दस्तऐवज वगळता येतात : आरपीएममध्ये 'एक्सक्लूड-डॉक्स', डीपीकेजीमध्ये 'पाथ-एक्सक्लूड'. कंटेनरसाठीच्या छोट्या प्रतिमांत ही वगळणी आधीच केलेली आढळते. महानगरातील सर्व्हरवर यात फारसे नुकसान नाही. भोर व वेल्हे परिसरातील डोंगरी गावांत मात्र मोबाइलची रेंज एका वळणावर असते आणि पुढच्या वळणावर सुटते, तेव्हा संगणकावरच असलेले माहितीपत्र हेच विद्यार्थ्याचे क्रमिक पुस्तक ठरते. तेथे तयार छोटी प्रतिमा जशीच्या तशी उतरवून घेणे शहाणपणाचे नाही.

याच कात्रीत भाषांतरेही सापडतात. आरपीएममध्ये मराठी भाषांतराच्या फाईल्सवर भाषेची खूण असते आणि 'इन्स्टॉल-लँग्ज' या मांडणीत केवळ इंग्रजी ठेवली, तर त्या बसतच नाहीत. डेबियनमधील 'लोकेलपर्ज' हे साधन नको असलेल्या भाषांच्या फाईल्स वगळते वा पुसते. येथे मराठीची निवड आठवणीने करावी लागते.

अशा वगळलेल्या फाईल्स शोधताना सूचीवर विसंबून चालत नाही. आरपीएमला पॅकेजमधील दस्तऐवज विचारले, तर ती न बसलेल्या फाईल्सचीही नावे सांगते. डीपीकेजीही तसेच करते. रजिस्टरमध्ये वस्तू आहे, कपाटात नाही, असा हा प्रकार. आरपीएमला फाईल्सची 'स्थिती' विचारल्यास 'बसविलेली नाही' असे उत्तर मिळते. डेबियनमध्ये डिरेक्टरी उघडून पाहावी. वगळणीची ओळ मांडणीतून काढल्याने फाईल्स आपोआप परत येत नाहीत, पॅकेज पुन्हा बसवावे लागते. पॅकेज-संग्रहाची प्रत महाविद्यालयाच्याच एखाद्या संगणकावर ठेवलेली असेल, तर त्यासाठी इंटरनेटची वाट पाहावी लागत नाही.