मर्यादवेलीच्या आत

आपल्या नवी मुंबईला मोठी खाडी आहे. वाशी, ऐरोली, बेलापूर, कुठूनही पाहा, पाणी दिसते. पण हा किनारा चिखलाचा आणि कांदळवनाचा. वाळूच्या पुळणीवर दोन रात्री तंबूत राहावे असे वाटले, तर लांब जायला हवे. अशी एक जागा म्हणजे देवबाग.

देवबाग हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यात आहे. पनवेलला कोकण रेल्वेच्या गाडीत बसावे, कुडाळला उतरावे. तिथून एस.टी.ने मालवण, आणि मालवणहून तारकर्लीवरून देवबाग.

हे गाव नकाशात बघा. मोठी गंमत आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी. मधे वाळूची अरुंद पट्टी. त्या पट्टीवरच माडांच्या बागा, घरे आणि रस्ता. दक्षिणेच्या टोकाला खाडी समुद्राला मिळते. पलीकडे भोगवे गाव दिसते, पण तिथे सरळ जायचे तर होडी लागते.

ही पट्टी झाली कशी? लाटा किनाऱ्यावर तिरक्या येतात. दर लाट थोडी वाळू पुढे सरकवते. नदीच्या मुखाशी पाण्याचा जोर मोडतो, तिथे ती वाळू खाली बसते. वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे वाळूचा बांध होतो. वारा त्यावर आणखी वाळू चढवतो. असा बांध जमिनीपासून सुटा असला तर त्याचे बेट होते. अमेरिकेत टेक्सास राज्यात पाद्रे नावाचे असे बेट आहे, सुमारे १८० किलोमीटर लांब. त्याचा मोठा भाग १९६२ साली तिथल्या सरकारने लोकांसाठी राखून ठेवला. तिथे माणसे तंबू टाकून राहतात. आपले देवबाग लहान, आणि एका अंगाने जमिनीला जोडलेले. बाकी जात तीच.

आता तंबू कुठे टाकायचा? खरा प्रश्न हाच आहे. ओहोटीच्या वेळी गेलात तर पुढची ओली वाळू घट्ट आणि सपाट दिसते. तिथेच पथारी टाकावी असे मनात येते. टाकू नका. मी गेलो होतो तेव्हा पौर्णिमा होती. शहरातल्या काही तरुण मंडळींनी दुपारी अशाच जागी तंबू ठोकला. शेजारी जाळे विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, "अरे बाबांनो, वेलीच्या आत या." मुले हसली. रात्री साडेदहाला पाणी आले. तांदूळ भिजले, चपला वाहून गेल्या. माणसे जागी होती म्हणून बरे.

आजोबांनी सांगितलेली वेल म्हणजे मर्यादवेल. वाळूवर पसरते, पाने मधे दुभंगलेली, फूल जांभळट गुलाबी. नावातच सगळे आले. रोजची भरती जिथे थांबते, त्याच्या वरच्या अंगाला ही वेल वाढते. तिची मुळे वाळू धरून ठेवतात. म्हणून वेलीच्या आत, जमिनीच्या बाजूला, मोकळ्या जागी राहावे. वेल मात्र तुडवू नये, उपटू नये. वेल गेली की वाळू सुटते, आणि वाळू सुटली की मागच्या माणसाचे अंगण जाते. देवबागेत समुद्र किनारा खातो आहे. लाटा अडवायला तिथे दगडांचे बंधारे घालावे लागले आहेत. आपण दोन दिवसांचे पाहुणे, पण त्या लोकांचे घर तिथेच आहे. जागा कोणाची ते विचारून, परवानगी घेऊनच मुक्काम करावा. काही ठिकाणी पैसे देऊन राहायची सोय होते.

भरती केव्हा येणार हे भिंतीवरच्या कालनिर्णयावरून काढता येते. आमच्या वेळी शाळेत पाऊणकी पाठ करून घेत, ती इथे कामाला येते. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि रात्रीही तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईकडचा. मालवणकडे भरती त्याच्या आधीच, सुमारे तासभर लवकर येते. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या सुमारास पाणी जास्त चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराची भरती भांगाची, ती कमी चढते.

ओहोटी लागली की खाडीचे पाणी टोकाशी जोराने समुद्राकडे धावते. त्या वेळी टोकाला पाण्यात उतरू नये, पोहता येत असले तरी. समुद्रात ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत जा. ओढ सुटली की मग बाहेर या.

तंबूच्या साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरावी, तिला दोर बांधावा आणि ती हातभर खोल पुरावी. माडाखाली झोपू नये, नारळ कधी पडेल ते सांगून पडत नाही. सुरूच्या झाडांखाली वाळलेल्या काड्यांचा थर असतो. तिथे चूल पेटवू नये, ठिणगी पुरते.

आणि पाणी. समुद्र हाकेवर असूनही अशा पट्टीवर विहिरीला गोडे पाणी लागते. पावसाचे पाणी वाळूत मुरते. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून त्यावर तरंगून राहते. पण हा थर पातळ असतो. फार उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते, आणि ते लवकर जात नाही. तेव्हा अंघोळीला एक बादली घ्यावी, दोन नकोत. विहिरीजवळ शौचाला बसू नये. वाळूतून घाण झपाट्याने पाण्यात उतरते.

जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही तेव्हा बंद असतात.