चिठ्ठीवरचा पासवर्ड

मुलुंडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाइडसाठी ताटकळत उभा होतो. क्लार्कबाई डबा खायला गेलेल्या. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी डकवलेली: वर युजरनेम, खाली पासवर्ड, शेपटाला १२३. समोरच्या बाकावर फीच्या पावतीसाठी आलेली दोन पोरं. मी वाचू शकलो, म्हणजे त्यांनीही वाचलाच असणार.

गुण बदलण्याच्या धंद्यात कुलूप क्वचितच फोडावं लागतं, किल्ली आतूनच मिळते. मे २०१६ मध्ये भांडुप पोलिसांनी मुंबई विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना पकडलं, त्या प्रकरणात तर कॉम्प्युटरचा संबंधच नव्हता. इंजिनीअरिंगच्या उत्तरपत्रिका विद्यापीठाच्या कलिना संकुलातून बाहेर यायच्या, पैसे मोजलेली मुलं त्या पुन्हा लिहायची आणि गठ्ठा परत जागेवर. त्याआधी ३० वर्षं, १९८६ मध्ये, मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांच्या मुलीच्या एमडीच्या गुणांवरून उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि त्यांना खुर्ची सोडावी लागली. पुढे कॉम्प्युटर आला, पण वाट तीच राहिली. २०२१ च्या डिसेंबरात म्हाडाच्या पेपरफुटीचा माग काढताना पुणे पोलीस टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) गुणांपर्यंत पोहोचले, तेव्हा अटक झाली ती परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना आणि निकालाचं काम घेतलेल्या कंपनीच्या संचालकाला.

फरक पडला तो पुराव्यात. खोडरबर मागे काही सांगत नाही. नीट बांधलेली गुणांची प्रणाली मात्र कुठल्या खात्यातून, किती वाजता, ३१ चे ६१ झाले ते टिपून ठेवते. रात्री पावणेदोनला क्लार्कबाईंच्या नावाने गुण वाढले, तर पहिली चौकशी बाईंची. मग आयपी पत्त्यावरून कुणा विद्यार्थ्याच्या घरचं वायफाय, आणि वायफायवरून बेडरूममधला मुलगा. शिक्षकांच्या वहीत ३१ च असतात, ते वेगळंच.

कायद्याला ‘चिठ्ठी समोरच होती’ ही सबब चालत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. हा भाग जामीनपात्र. पण फसवणुकीसाठी बनावट नोंद केली असं ठरलं, तर भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. अमेरिकेत २००८ साली कॅलिफोर्नियातल्या एका शाळकरी मुलावर गुण बदलण्याच्या याच उद्योगापायी ६९ आरोप लागले होते. शेवटी ३० दिवसांच्या कैदेवर निभावलं. आपल्याकडे चिठ्ठी डकवणाऱ्याला मात्र फार तर मेमो मिळतो. हे मला अजून पटलेलं नाही.

मुलगा १८ च्या आतला असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि तिथला ठपका पुढे नोकरीआड येऊ नये अशी कायद्यातच सोय आहे. तेरावीतला, नुकताच १८ पूर्ण झालेला असेल, तर सरळ मॅजिस्ट्रेटपुढे. वयाचा वाद निघालाच, तर मंडळ आधी कागद मागतं: शाळेचा जन्मतारखेचा दाखला, नाहीतर दहावीचं सर्टिफिकेट.