थोड्या प्रती, चढा भाव

चित्रपटगृहावर ‘हाउसफुल्ल’चा फलक लागला की बाहेर काळ्या बाजारात तिकिटे मिळू लागतात. व्हिडिओ गेमच्या बाजारातही असेच घडते. पण चित्रपटगृहातल्या खुर्च्या वाढवता येत नाहीत. खेळाच्या प्रती मात्र कारखान्यात हव्या तितक्या काढता येतात. मग त्यांचा तुटवडा का पडावा?

प्रथम खर्च पाहू. खेळाच्या तबकडीसाठी आधी धातूचा साचा तयार करतात आणि त्यावरून प्लास्टिकच्या तबकड्या काढतात. समजा, या पूर्वतयारीला १,००,००० रुपये लागले. १,००० प्रती काढल्या तर प्रत्येक प्रतीवर या खर्चाचे १०० रुपये पडतील. १०,००० काढल्या तर फक्त १०. म्हणजे जास्त प्रती काढणे फायद्याचे! परंतु त्या खपल्या नाहीत तर पैसे अडकून पडतात. म्हणून लहान प्रकाशक हात राखून छापतो.

अमेरिकेतील ‘लिमिटेड रन गेम्स’ या कंपनीने २०१५ साली आपल्या पहिल्या खेळाच्या केवळ १,५०० प्रती काढल्या. त्या दोन तासांच्या आत संपल्या. अशा वेळी काय होते? समजा, किंमत २,००० रुपये आहे आणि काही शौकीन ६,००० रुपयेही मोजायला तयार आहेत. मधले ४,००० रुपये साठेबाजाच्या खिशात जातात. खेळ रचणाऱ्याला त्यातली दमडीही मिळत नाही. शिवाय साठेबाज ‘बॉट’ नावाची संगणकीय आज्ञावली वापरतात. तुम्ही पत्ता लिहीपर्यंत तिची खरेदी उरकलेली असते.

मग कंपनीनेच किंमत ६,००० केली तर? साठेबाज हटेल, पण त्याबरोबर बेताच्या पैशांचा विद्यार्थीही हटेल.

खरा उपाय पुरवठ्यात आहे. निन्टेन्डो कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये ३० जुने खेळ असलेले एक छोटे यंत्र अमेरिकेत ६० डॉलरला विकायला काढले. ते दुकानांत मिळेना आणि बाहेर त्याचे भाव कितीतरी चढले. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने ते बंद केल्याचे जाहीर केले. जून २०१८ मध्ये ते पुन्हा बाजारात आले, तेव्हा चढा भाव टिकला नाही. दुसरा मार्ग म्हणजे ठरावीक मुदतीत मागणी नोंदवून घ्यायची आणि तितक्याच प्रती काढायच्या. ‘लिमिटेड रन’नेही पुढे अनेक खेळांसाठी हीच पद्धत घेतली. यात माल पडून राहत नाही. ग्राहकाला मात्र काही महिने थांबावे लागते.

‘तबकडी हवीच कशाला, खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा,’ असे कोणी म्हणेल. पण २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांच्या इंटरनेट दुकानांतील विक्री थांबवली. जे खेळ केवळ तेथेच मिळत, ते त्या यंत्रांसाठी नव्याने विकत घेणे अशक्य झाले. छापील प्रत मात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. म्हणूनच ती रास्त भावात मिळण्याला महत्त्व आहे.

विचार करा : तुमच्या शाळेच्या नाटकाला ३०० खुर्च्या आहेत आणि ५०० जणांना यायचे आहे. तिकिटांचा काळा बाजार होऊ नये म्हणून तुम्ही कोणता नियम कराल?