विश (डन्जन्स अँड ड्रॅगन्स)

'विश' (अर्थ: इच्छा) हा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन भूमिकाप्रधान खेळातील नवव्या, म्हणजेच सर्वोच्च पातळीचा मंत्र आहे. मंत्र वापरणारे पात्र आपली इच्छा बोलून दाखवते आणि ती प्रत्यक्षात येते. त्याची व्याप्ती जवळजवळ अमर्याद असल्यामुळे शक्तिशाली मंत्र आणि खेळाचा समतोल यांतील संघर्षाचे हे ठळक उदाहरण ठरते.

पार्श्वभूमी

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. 'डन्जन मास्टर' हा सूत्रधार कथानक चालवतो व नियमांचा अर्थ लावतो. मूळ संचात जादूगाराचे मंत्र सहाव्या पातळीपर्यंतच होते. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत सातव्या ते नवव्या पातळीच्या मंत्रांची भर पडली. 'विश' त्यांपैकीच एक होय.

समतोलाचा प्रश्न

योद्ध्याचे सामर्थ्य टप्प्याटप्प्याने वाढते. जादूगार आरंभी दुर्बल असतो. मात्र पुढे त्याच्या मंत्रांची संख्या आणि प्रत्येक मंत्राची शक्ती, दोन्ही वाढत जातात. त्यामुळे वरच्या पातळ्यांवर इतर खेळाडूंना प्रेक्षकाची भूमिका उरण्याचा धोका असतो. 'विश'मुळे तर संपूर्ण कथानकातील पेच एका वाक्यात सुटू शकतो. याउलट मंत्रावर बंदी घातली, तर दीर्घकाळ खेळून तेथवर पोहोचलेल्या खेळाडूचे फळ हिरावले जाते. म्हणून बहुतेक आवृत्त्यांनी बंदीऐवजी मंत्राला किंमत लावण्याचा मार्ग स्वीकारला.

आवृत्त्यांनुसार बदल

* १९७८ : 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत साथीदारांच्या जखमा भरणे, मृताला जिवंत करणे किंवा संकटातून निसटणे यांसाठी किंमत नव्हती. इतर इच्छांनंतर जादूगाराचे बळ घटे व त्याला २ ते ८ दिवस अंथरुणावर काढावे लागत.
* १९८९ : दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक प्रयोगामागे जादूगाराचे वय ५ वर्षांनी वाढू लागले. मानवी पात्राला ही किंमत जड जाते. दीर्घायुषी एल्फला ती फारशी जाणवत नाही.
* २००० : तिसऱ्या आवृत्तीत किमान ५,००० अनुभवगुण खर्च करावे लागत. पात्राची प्रगती याच गुणांवर अवलंबून असल्याने जादूगार साथीदारांच्या मागे पडण्याची शक्यता निर्माण झाली.
* २००८ : चौथ्या आवृत्तीने सर्व वर्गांच्या क्षमता एकाच साच्यात बसवल्या. तिच्या पहिल्या खेळाडू-पुस्तिकेत 'विश' नव्हता. समतोल साधला, पण वर्गांमधील वेगळेपण हरवले, अशी टीका तिच्यावर झाली.
* २०१४ : पाचव्या आवृत्तीत 'विश' परतला. आठव्या किंवा त्याखालील पातळीच्या कोणत्याही मंत्राची नक्कल करण्यास अतिरिक्त किंमत नाही. त्यापलीकडच्या इच्छेनंतर जादूगाराचे बळ काही दिवस ३ वर येते, दीर्घ विश्रांती घेईपर्यंत प्रत्येक मंत्रप्रयोगाने त्याला इजा होते आणि 'विश' कायमचा गमावण्याची ३३ टक्के शक्यता असते.

शब्दशः अर्थ

दुसरा अंकुश सूत्रधाराच्या हाती असतो. तो इच्छेचा शब्दशः अर्थ लावू शकतो. शत्रू मेलेला असावा, अशी इच्छा करणाऱ्याला तो शत्रू मरण पावलेल्या भविष्यकाळात पाठवून द्यावे, असा मार्ग १९७८ च्या नियमपुस्तकातच सुचवला आहे. या उपायाला मर्यादा आहेत. प्रत्येक इच्छा उलटू लागली, की खेळाडू करारपत्रासारखी लांबलचक वाक्ये रचू लागतात आणि सूत्रधारावरील विश्वास कमी होतो.

पळवाटा

समतोल केवळ एका मंत्राच्या नियमांनी साधत नाही. पाचव्या आवृत्तीत 'सिम्युलॅक्रम' या सातव्या पातळीच्या मंत्राने जादूगाराची प्रतिकृती तयार करता येते. ती प्रतिकृती स्वतःचा 'विश' वापरून 'सिम्युलॅक्रम'ची नक्कल करू शके व आणखी एक प्रतिकृती निर्माण करू शके. प्रत्येक नव्या प्रतिकृतीकडेही 'विश' असल्याने ही साखळी अखंड चालू शकत असे. नक्कल करण्यास किंमत नसल्यामुळे वर सांगितलेले दुष्परिणामही टळत. २०२४ च्या सुधारित नियमांत प्रतिकृतीला 'सिम्युलॅक्रम' वापरण्यास मनाई करण्यात आली.