अशक्तपणाचा खर्च



उसाचे पहिले बिल बँकेत जमा झाले की आमच्या कचेरीत वर्दळ वाढते. कुणाला पावती पाहिजे असते, कुणाला शेअरचा दाखला, तर कुणी नुसतेच घडीभर टेकायला येतात. गेल्या हंगामात असेच एक सभासद उमरीच्या बाजारातून परत जाताना आले. हातातली पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, बिलातले साडेतीन हजार तर मंडळीच्या अशक्तपणावरच गेले बघा." पिशवीत शक्तीच्या पावडरीचा एक डबा, टॉनिकच्या दोन बाटल्या आणि औषध दुकानाची पावती. तीन वेळा सलाईन लावले होते, तेही त्यातच धरलेले. "तरी चक्कर यायलीये. निंदायला बसली की उठवंना झालंय. चार पायऱ्या चढल्या की धाप."

आम्ही विचारले, "रक्त तपासलं का?"

"नाही. अशक्तपणा आहे म्हणले."

अशक्तपणा हे दुखण्याचे नाव नव्हे. उसाचा फड पिवळा पडला म्हणजे आपण नुसते 'पिवळा पडला' म्हणून गप्प बसत नाही. नत्र कमी पडले, लोह कमी पडले, पाणी साचले की मुळाला हुमणी लागली हे बघतो आणि मग खताचे पोते फोडतो. घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र आपण पोते आधी फोडतो. म्हणून या अंकात थोडे या विषयावर लिहिण्याचे ठरविले.

आधी सलाईनचा हिशेब करू, कारण तो हिशेब आपल्याला जमण्यासारखा आहे. ग्लुकोजची अर्ध्या लिटरची जी बाटली नेहमी लावतात ती पाच टक्क्यांची असते. म्हणजे तिच्यात २५ ग्रॅम ग्लुकोज. घरातल्या चहाच्या चमच्याने मोजले तर पाच चमचे साखर! त्यातून मिळणारी ताकद शंभर कॅलरीच्या आतली, एका ज्वारीच्या भाकरीपेक्षाही कमी. दुसरी बाटली मिठाची असते. तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ. बाटलीत पिवळे इंजेक्शन सोडतात ते बहुधा बी-कॉम्प्लेक्सचे. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक होते, म्हणजे जादाचे बाहेर पडले. हगवण-उलटीने अंग कोरडे पडले असेल, रक्तस्राव झाला असेल, तर हीच बाटली जीव वाचविते, त्याबद्दल कुणाचेच दुमत नाही. पण ज्या बाईच्या अंगात रक्तच कमी आहे तिला या बाटलीतून लोहाचा एक कणही मिळत नाही. थोडा वेळ बरे वाटते, कारण दोन तास ती आडवी पडलेली असते. घरी तेवढे तिला कोण पडू देतो?

आणि रक्त कमी असण्याची शक्यता लहानसहान नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे दोन घरे धरली तर एका घरी हे दुखणे आहे, मग ते घर बागायतदाराचे असो की कोयत्यावरच्या माणसाचे.

रक्त कशाने कमी होते याचा एक मोठा शोध आपल्या मुंबईतच लागलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, काही दगावत, आणि कारण कळत नव्हते. बाईंनी जंतू शोधून पाहिले, ते सापडले नाहीत. मग त्या बायकांच्या ताटाकडे वळल्या. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध यांचा पत्ता नाही त्यांच्यातच हे दुखणे जास्त, असे त्यांना दिसले. तसलाच निकृष्ट आहार त्यांनी प्रयोगाच्या जनावरांना घातला, तर त्यांचेही रक्त उतरले. तेव्हा विलायतेत पावाला लावून खायचा यीस्टचा एक काळा, खारट, स्वस्त अर्क मिळत असे, मार्माईट नावाचा. तो एका माकडाला दिला आणि ते सुधारले. मग बायकांना दिला, आणि चार-सहा दिवसांत रक्तात फरक दिसू लागला! १९३१ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय होते ते कळायला आणखी दहा वर्षे गेली. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले आणि लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याला फॉलिक आम्ल म्हणू लागले. आज उपकेंद्रातून जी लाल गोळी मिळते तिच्यात लोहाच्या जोडीला हेच आहे. गिरणीतल्या त्या बायकांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. त्यांच्या रक्तावरून लागलेला शोध आज जगभरच्या गरोदर बायकांच्या पोटात जातो.

दुसरी गोष्ट आणखी जवळची, आपल्या ज्वारीची. उमरीवरून धर्माबाद, बासर करीत गाडी ज्या हैदराबादला जाते तिथे १९५८ साली पोषणावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा कुन्नूरहून हलविण्यात आली. तीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. त्या काळी दख्खनच्या पठारावर ज्वारी खाऊन राहणाऱ्या गोरगरिबांत एक आजार दिसे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून फुटे, हगवण लागे, आणि आजार वाढला की माणूस भ्रमिष्टासारखा वागे. त्याला पेलाग्रा म्हणतात. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतर दाखविले होते की नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना हा आजार होतो. पण आपल्याकडचे लोक मका खात नव्हते, ज्वारी खात होते! हैदराबादच्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडले की ज्वारीत ल्यूसिन नावाचे द्रव्य जादा असल्याने नायसिन या जीवनसत्त्वाची तूट पडते. त्या कारणावर पुढे शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. इलाजावर वाद नव्हता. नायसिन दिले की रोगी बरा होई, आणि भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे मिळत गेले तर त्याला तो आजार होतच नसे.

ज्वारीला नावे ठेवायला हे लिहिलेले नाही. आम्ही स्वतः दोन वेळची भाकरी खातो. पण भाकरीवर मिरचीचा ठेचा आणि वरून पाणी हे जेवण नव्हे. आपल्या आयाबायांनी भाकरीच्या शेजारी वरण, कारळाची चटणी, जवसाची चटणी, हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी ठेवली ती उगीच नाही.

आता त्या लाल गोळीबद्दल, कारण खरा घोटाळा तिथेच आहे. उपकेंद्रावर सिस्टर देतात, आशाताई घरी आणून देतात, पैसा एक लागत नाही. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. गरोदर बाईने रोज एक, सहा महिने घ्यायची, आणि बाळंतपणानंतर पुन्हा सहा महिने. शाळेतल्या पोरींना आणि पोरांना आठवड्याला एक निळी गोळी. आणि आम्ही विचारले तर बहुतेक घरी ती गोळी फडताळात, जर्मनच्या डब्यात. का? "घेतली की मळमळतं." "शौचाला काळं होतं." एका मावशींनी तर सांगितले, "फुकटची गोळी, तिच्यात काय असणार?"

काळे होते ते गोळीतल्या लोहाने, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. सगळ्यांत मोठी खोट चहाची. चहातले तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. सकाळी चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळली म्हणजे एका हाताने पेरून दुसऱ्या हाताने उपटल्यासारखे झाले. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको. दुधाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवावे. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली, किंवा वर पेरूची फोड, आवळा खाल्ला तर लोह चांगले शोषले जाते. आणि जरा बरे वाटले म्हणून पंधरा दिवसांत सोडू नये. रक्त भरले तरी अंगातली शिल्लक भरायला पुढे काही महिने लागतात. पोटात जंत असतील तर तेही रक्त पितात, म्हणून जंताची गोळी टाळू नये.

गूळ-शेंगदाण्याने रक्त वाढते असे सगळेच सांगतात. शेंगदाणे उत्तमच. गुळातले लोह मात्र काहिलीवर आणि गाळण्यावर अवलंबून, कधी बरे तर कधी नावापुरते, आणि ते अंगी लागते त्याहून कमी. ज्या बाईचे रक्त आठवर आले आहे तिचे काम गुळाच्या खड्याने भागणार नाही. बायकांचे बारापेक्षा कमी आणि गरोदर बाईचे अकरापेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, हा आकडा ध्यानात ठेवावा. आणि तपासणी करूनच औषध घ्यावे, कारण प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच नसतो. किनवटकडच्या भागात सिकलसेल आहे. अंगावरून फार जात असेल तर ते थांबविल्याशिवाय गोळ्या म्हणजे फुटक्या टाकीत पाणी.

माळकरी घरांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व झाडपाल्यात नसते. दूध, दही, अंडी, मांस, मासळी यांतूनच ते मिळते. लागते अगदी कणभर, पण ते नसले तर पायाला मुंग्या येतात, जीभ लाल होते, रक्तही उतरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्यांना दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी आढळले. ज्या बायका हिरव्या भाज्या, फळे, दूध वरचेवर खात त्यांची बाळे जन्मतः भरलेली होती. आणि २००८ साली त्यांनी आणखी एक गोष्ट छापली: ज्या आयांत फॉलिक आम्ल भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकण्याची चिन्हे जास्त दिसली. यावरून कुणी लाल गोळी सोडू नये. माळ घातलेल्या घरातल्या गरोदर बाईने डॉक्टरांना 'बी-१२ बघायचे का' एवढे जरूर विचारावे. माळ सोडायला कुणी सांगत नाही. पण घरचे सगळे दूध डेअरीला घालून चहापुरते ठेवायचे, आणि पुढे डब्याची पावडर आणायची, हा व्यवहार आम्हाला समजत नाही.

डब्यांबद्दल फार लिहीत नाही. मागच्या बाजूची बारीक अक्षरे पोराकडून वाचून घ्या. बऱ्याच डब्यांत साखर चांगली ठळक प्रमाणात निघेल. आपल्याकडून जी साखर किलोच्या भावाने जाते ती डब्यातून परत येताना कोणत्या भावाने येते, याचा हिशेब सभासदांनीच करावा. साखर विकून आमचे घर चालते, तरी सांगतो, साखरेत ताकद आहे आणि ताकदीशिवाय दुसरे काही नाही. तालमीतल्या पोरांसाठी एवढेच, की राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळावी असे म्हटले आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस.

रेशनच्या तांदळातले पांढरेशार दाणे 'प्लास्टिकचे' म्हणून वेचून फेकणारी घरे आम्ही पाहिली. २०२१ साली सरकारने घोषणा केली आणि त्यानंतर लोह, फॉलिक आम्ल, बी-१२ घातलेले ते दाणे शंभरात एक या प्रमाणात तांदळात मिसळून येऊ लागले. ते तांदळाच्या पिठाचेच असतात. फुकट आलेले फेकले आणि विकतचे आणले, असे झाले ते!

लातूर-धाराशिवकडे आणि आपल्याही जिल्ह्याच्या काही भागात वेळ अमावस्येला शेतात भज्जी करतात. हरभरा, तूर, वाटाणा, वाल, मेथी, जे रानात असेल ते एका पातेल्यात, शेजारी बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाचे ताकातले आंबील. पोषणाच्या कुठल्याही पुस्तकाने त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. पण ती भज्जी होते ती बांधावर आणि आंतरपिकात तूर, हरभरा, भाजी असते म्हणून. आपल्या रानात ऊस गेला, त्याच्या शेजारी सोयाबीन आले, आणि सोयाबीनचा दाणाही घरात न येता थेट आडतीवर जातो. पाच गुंठे भाजी, दोन ओळी तूर, बांधावर शेवगा आणि एक लिंबाचे झाड ठेवले तर उसाच्या टनाला धक्का लागत नाही. आणि घरात वरण केले तरी ते कुणाच्या ताटात जाते? आधी गडी, मग पोरे, शेवटी बाई. तळाला राहिलेले पाणी तिचे. ज्या जिवाला लोह सगळ्यांत जास्त लागते त्याची पाळी सगळ्यांत शेवटी.

ते सभासद आमच्या सांगण्यावरून मंडळीला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. रक्त ७.८ निघाले. अंगावरून जास्त जात होते, त्याचा इलाज झाला, गोळ्या चालू झाल्या. तीन महिन्यांनी गावाकडे गेलो असता त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. रक्त १०.९ वर आले होते. आतून बाई चहा घेऊन आल्या, आम्हा दोघांनाच. "तुम्ही नाही घेत?" आम्ही विचारले. "आत्ताच गोळी घेतलीय, साहेब," त्या म्हणाल्या. "चहा काही सुटत नाही, पण तासभर थांबते."