मासा पकडा, फोटो काढा, परत सोडा

ट्रॉय (न्यूयॉर्क राज्य) : इथल्या हडसन नदीवरच्या धरणाच्या वरच्या अंगाला, हडसन फॉल्सपर्यंतच्या सुमारे चाळीस मैलांत, मासेमारीचा कायदा चमत्कारिक आहे. परवाना काढा, गळ टाका, मासा लागला तर फोटो काढा. पण तो जिवंत पाण्यात सोडायचा. घरी नेलात तर गुन्हा. आणि हीसुद्धा 1995 पासूनची सवलत. त्याआधी, 1976 पासून, गळ टाकायलाच मनाई होती.

कारण वरच्या अंगाला जनरल इलेक्ट्रिकचे दोन कारखाने होते, हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्डला. तिथे कपॅसिटर बनत आणि त्यांत पीसीबी नावाचं तेलकट रसायन भरलं जाई. ते सहसा पेटत नाही, वीज वाहू देत नाही, उष्णतेने नासत नाही. कारखान्याला हवे असलेले हेच गुण नदीच्या मुळावर आले. 1947 ते 1977 या तीस वर्षांत तेरा लाख पौंडांपर्यंत पीसीबी हडसनमध्ये गेलं असावं, असा अंदाज आहे. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाला चिकटतं. गाळातल्या किड्यांतून लहान माशात, लहान माशातून मोठ्या माशात चढतं आणि चरबीत साठत जातं. 1973 साली फोर्ट एडवर्डचं जुनं धरण काढलं, तेव्हा त्यामागे अडलेला गाळही खाली सुटला.

माशांत विष आहे हे आधी सांगितलं ते सरकारने नव्हे. रॉबर्ट बॉइल हा गळाचा शौकीन पत्रकार. त्याने हडसनच्या स्ट्राइप्ड बासची अंडी प्रयोगशाळेत तपासून घेतली आणि 1970 मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या खेळांच्या साप्ताहिकात लिहिलं. राज्य सरकारला जाग यायला आणखी पाच वर्षं लागली. राज्याने कंपनीविरुद्ध घेतलेल्या 1976 च्या सुनावणीत दोष दोघांच्याही माथी आला: कंपनी वाईट वागली आणि तिच्यावर नजर ठेवणारे झोपले होते.

अमेरिकेचं एक मात्र मान्य करायला हवं. 1980 च्या ‘सुपरफंड’ कायद्याचं तत्त्व सरळ आहे: घाण करणाऱ्याने स्वखर्चाने काढावी. 1984 मध्ये हडसनचे दोनशे मैल या कायद्याच्या यादीत आले. कंपनीने जाहिरातींचा मारा केला की गाळाला हात लावू नका, नदी आपली आपण स्वच्छ होईल. 2002 मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने उपसाच करायचा असा निकाल दिला आणि 2009 ते 2015 या काळात कंपनीच्या पैशाने सुमारे साडेसत्तावीस लाख घनयार्ड गाळ निघाला. म्हणजे कारखान्यांनी सोडणं थांबवलं तेव्हापासून उपसा सुरू व्हायला बत्तीस वर्षं. तोवर नदीची जबाबदारी कोणावर? स्वयंपाक करणाऱ्यावर.

ती अजूनही त्याच्यावरच आहे. राज्याच्या आरोग्य खात्याची सूचनापत्रकं वाचण्यासारखी आहेत. ट्रॉयपासून खाली कॅट्सकिलपर्यंतच्या पट्ट्यातला मासा पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांनी आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांनी खायचाच नाही. इतरांनी ठरावीक जातींचा, तोही महिन्यातून एकदा. कातडी काढा, पोटाकडची चरबी छाटा, भाजताना तेल गळू द्या. खालच्या हडसनमधल्या खेकड्यांसाठी तर कवचाखालचा हिरवट मऊ भाग टाका आणि उकडलेलं पाणी ओतून द्या. आपल्याकडे खेकड्याच्या नांग्या वाटून, रस गाळून कालवणात घालतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या मराठी स्वयंपाकघरांत या नियमाने कालवणाचा जीवच जातो. तरी तिथले खेकडे बहुधा दुकानातून येतात. पत्रक खरं लागू पडतं ते धक्क्यावर गळ टाकून रात्रीच्या जेवणाची सोय करणाऱ्याला, आणि तो इंग्रजी वाचणारा असेलच असं नाही.

आता वाद आहे उपसा पुरला का याचा. पर्यावरण संस्थेचं अंतिम उद्दिष्ट माशाच्या मांसात किलोला 0.05 मिलिग्रॅम पीसीबी, आणि सगळ्या जाती तिथे पोचायला पन्नासहून अधिक वर्षं लागतील असा तिचाच हिशेब. काम पूर्ण झाल्याचा दाखला तिने 2019 मध्ये कंपनीला दिला, म्हणून न्यूयॉर्क राज्याने तिलाच कोर्टात खेचलं आणि 2021 मध्ये राज्य हरलं. जानेवारी 2025 च्या फेरतपासणीत संस्था म्हणते, निष्कर्ष काढण्याइतकी माशांची आकडेवारी अजून जमलेली नाही. नदीकाठच्या पर्यावरणवाद्यांच्या मते जमलेले आकडेच पुरेसे वाईट आहेत आणि गाळ पुन्हा उपसायला हवा.