समुपदेशकाकडे जाण्याआधी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेंगळुरूच्या ‘निमहान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे दहा टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचं आढळलं. त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळालेले नव्हते. पैसा आणि अंतर ही कारणं आहेतच, पण समुपदेशकाबद्दलचे गैरसमजही माणसाला दारातून परत फिरवतात.

गैरसमज १: समुपदेशन म्हणजे सल्ला. तो घरची वडीलधारी माणसंही देतात.

वस्तुस्थिती: सल्ला देणं हे समुपदेशकाचं मुख्य काम नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती पाहा. समजा, बारावीतली मुलगी म्हणते, “मेडिकलला नंबर लागला नाही तर माझं सगळं संपलं.” घरचे म्हणतील, “अगं, काही होत नाही, तू अभ्यास कर.” समुपदेशक विचारतील, “सगळं म्हणजे नेमकं काय संपेल? नंबर लागावा ही तुझी इच्छा आहे, की तो लागलाच पाहिजे अशी तू स्वतःला घातलेली अट?” इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, पण त्यातून सावरता येतं. अट मोडली की माणूस कोसळतो. मग घरचा अभ्यास मिळतो: घटना काय घडली, मनात कोणता विचार आला, त्यातून काय वाटलं, हे आठवडाभर वहीत लिहायचं. पुढच्या भेटीत त्या नोंदींवरच काम होतं. आपला विचार आपणच तपासण्याची सवय लावणं, हा या सगळ्याचा हेतू.

गैरसमज २: एकदा गेलं की कायमच्या गोळ्या मागे लागतात.

वस्तुस्थिती: समुपदेशक औषधं लिहून देत नाहीत. तो अधिकार डॉक्टरांचा, विशेषतः एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मनोविकारतज्ज्ञांचा. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा तीव्र नैराश्यात औषधं लागतात. अशा वेळी चांगला समुपदेशक रुग्णाला स्वतःहून तज्ज्ञांकडे पाठवतो. नैराश्यावरची औषधं मात्र मनाने बंद करू नयेत. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

गैरसमज ३: गोड बोलता आलं की कुणीही समुपदेशक होतो.

वस्तुस्थिती: क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला मात्र तशी सक्ती वर्षानुवर्षं नव्हती. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने समुपदेशकांनाही कक्षेत घेतलं आहे. तरीही शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, कोणती पद्धत वापरता, हे पहिल्याच भेटीत विचारावं. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

गैरसमज ४: ज्याने स्वतः भोगलंय, त्यालाच दुसऱ्याचं दुःख कळतं.

वस्तुस्थिती: अनुभवाला मोल आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसं कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. पण अनुभवाच्या जोडीला प्रशिक्षण लागतं. नाहीतर समोरच्याच्या दुःखात आपलंच दुःख दिसू लागतं आणि ऐकायचं राहून जातं.

गैरसमज ५: तिथे बोललेलं गावभर होतं.

वस्तुस्थिती: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम २३ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. जिवाला धोका असेल तर संबंधितांना सांगावं लागतं, आणि बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानुसार तक्रार देणं बंधनकारक आहे. प्रामाणिक समुपदेशक हे अपवाद सुरुवातीलाच सांगतो.

दोन भेटींत चमत्कार होत नाही, आणि एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधण्यात काही गैर नाही. झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक आजच फोनमध्ये साठवा, आणि घरातल्यांनाही द्या.